झाकून ठेवलेला वाघ

ताई, बातमी आहे! अन् अशी बातमी की तुले फोन करावा म्हणून मी खिशातून मोबाइल काढला, तुहा नंबर लावला, अन् मग आठवलं. सवयच तशी लागली आहे, काय करावं? हसशील तं हस. पण ही बातमी पोटात घेऊन मले बसवत नाई. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढलं अन् कॉम्प्युटरवरच तुह्याशी बोलून राह्यलो. 'स्नेहांकित', 'कृपाभिलाषी' असलं काही लिहिणार नाई, भेऊ नको. तूच म्हणे, "गजू, माह्याशी बोलताना बॅनर नको लावू. घरचं बोल."

पण बातमी लगेच नाई सांगत. गोष्टीचा शेवट कोणी आधी सांगितला की तुलेच राग येये. पहिलेपासून सांगतो. तुले सारं माहीत आहे, तरी ऐक.

मागच्या साली कापूस फुटला होता अन् वेचणी लागायची होती. तू हिंगणीच्या शेतात धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कापायले गेलती, एकटी. हातात विळा, समोर कमरेएवढं गवत. वारा नव्हता, तरी मधातलं गवत हाललं. मग दोन पात्यांच्या फटीतून तुले एक डोळा दिसला अन् त्याच्या वर कानाचं टोक. बस, एवढंच. पुरा वाघ तू पाहिलाच नाई. तू पळाली नाई, ओरडली नाई. त्यानं तुले पाहिलं, तू त्याले पाहिलं, अन् मग गवत हालत हालत नाल्याकडं निघून गेलं. मले सांगताना तू म्हटलं, "शेजारचा माणूस कुंपणावरून पाहते न, तसा पाहून राह्यला होता, गजू. ही कोण आली म्हणून." सांगता सांगता तुह्या अंगावर काटा आला होता, अन् तू हसून राह्यली होती.

घरी येऊन तू भाऊजीले सांगितलं. भाऊजी जेवत होते. घास तोंडात घालता घालता म्हणाले, "डुक्कर असन."

झालं! बोरचं जंगल तुमच्या शिवाराले लागून, वाघाची गोष्ट हिंगणीत काही नवी नाई. पण दुसऱ्याच्या शेतातला तो वाघ अन् तुह्या शेतातला तो डुक्कर! घरधनीच डुक्कर म्हणते म्हटल्यावर गावाले काय पाहिजे? बस स्टँडवर बाया विचारत, "काय वो निर्माबाई, आज नाई दिसलं काय डुक्कर?" बायाइच्या हसण्याचं तुले काही नव्हतं. तू त्याइच्यासंगं हसून घेये. पण ज्या माणसासोबत एवढा जल्म काढला, त्यानं एकदा म्हणावं, "हाव, वाघच असन तो." एवढंच तुले पाहिजे होतं. ते काही भाऊजीनं म्हटलं नाई. उलट त्या साली वेचणी संपेपर्यंत सकाळपासून ते धुऱ्यावर जाऊन बसत अन् टिनाचा डबा बडवत. डुकरं हाकलतो म्हणत. तू फोनवर चिडून सांगे, "पाह्य न गजू, मले खिजवायले डबा बडवून राह्यले! डुकराले कोणी एवढं भेते काय?"

अन् मग एक दिवस तू माह्या दुकानात आली. बोरगावात, एवढ्या उन्हाची. थैलीभर तुरीच्या शेंगा टेबलावर ठेवल्या, पाणी पेली अन् म्हणाली, "गजू, मले गोंदवायचं आहे. ते, मी पाहिलं ते. तुह्या कॉम्प्युटरवर काढून दे."

मी म्हटलं, "या वयात? कोणाले दाखवायचं आहे?"

"कोणालेच नाई. सोबत न्यायचं आहे."

मले लगेच जत्रा आठवली. माय आपल्या दोघाइले गोंदणारनीपाशी घेऊन गेलती. माय म्हणे, मेल्यावर दागिने काढून घेतेत, लुगडं जळून जाते, गोंदण तेवढं माणसाच्या सोबत जाते. वरती तेच पाहून ओळखतेत. तू मनगट पुढं केलं अन् तुळस गोंदवून घेतली, हूं की चूं नाई. माहा नंबर आला तं मी रेवड्यावाल्याच्या गाडीखाली जाऊन लपलो. तुले माहीतच आहे, सुई पाहिली की अजूनही माह्या पायात गोळे येतेत.

पण चित्र काढायले कोण भेते? मी तं हरखूनच गेलो! जल्मभर बॅनरं केले, ताई. वाढदिवस, भावी सरपंच, नवरदेवाचं स्वागत, जाम गावच्या ढाब्याचे बोर्ड. पण कोणी येऊन म्हटलं नाई, की गजू, मी पाहिलेलं मले काढून दे. सारे म्हणतेत, त्याचं जसं केलं तसंच कर, फक्त फोटो बदलव.

अन् पहिल्याच दिवशी मी काय केलं आठवते न? सवयीनं फाइल उघडली ती सहा बाय चार फुटाची! कोपरापासून मनगटापर्यंतच्या जागेसाठी! मधात वाघ ठोकला, भोवती सोनेरी पट्टी ओढली, अन् हात काही थांबला नाई, खाली कोपऱ्यात 'शुभेच्छुक' लिहून मोकळा झालो. तू चष्मा लावून नीट वाचलं अन् म्हणाली, "माह्या हातावर शुभेच्छुक कोण रे बाबू? वाघ?" त्या दिवशी आपण एवढे हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला पाहायले आला.

वाघही कोणता, तं आपल्या इकडं ज्या पुढाऱ्याच्या मागं पाह्य तोच. जबडा फाडलेला. माह्याकडं तो तयारच पडलेला होता. तू म्हणाली, "याचे दात काऊन दाखवून राह्यला? तो काय मंजन विकून राह्यला? माह्या वाघाचं तोंड बंद होतं." मी बंद तोंडाचा शोधला. "हा झोपाळू आहे." दुसरा शोधला. "हा सरकशीतला दिसते." तिसऱ्याले म्हणाली, "हा बरा आहे, पण हा पुराच दिसून राह्यला न गजू. मले पुरा कुठी दिसला होता?"

मग आपण खरं काम लावलं. तुह्या हाताचा फोटो काढला, मापासाठी बाजूले टेप धरून. तो फोटो सगळ्यात खाली ठेवला. त्याच्यावर वाघ, अन् वाघावर मी माउसनं एक एक पातं ओढून गवत काढलं. लेयर म्हणजे काय हे तू विचारलं तं मी म्हटलं, पन्नीवर पन्नी ठेवली असं समज, खालचं वरच्यातून दिसते. हात काही फ्लेक्ससारखा सपाट नाई. मधात फुगीर, मनगटाकडं निमुळता. तं चित्र जाळीवर ताणून वाकवायचं एक साधन त्या सॉफ्टवेअरमंधी एवढे साल पडून होतं, मी त्याले कधी हात लावला नव्हता. लावून पाहिलं, तं गवत तुह्या हातावर असं गुंडाळलं गेलं की जसं तिथंच उगवलं आहे! मी खुर्चीवरून उठलो, ताई. या वयात मले नवं काही जमलं होतं. तू म्हणाली, "बस खाली, टकलावर पंखा लागन."

पण सगळ्यात मोठी मजा त्या पुढच्या बाजाराच्या दिवशी झाली. वाघाचा कान कमी कर, डोळा कमी कर, असं आपलं चाललं होतं. बाकावर एक गिऱ्हाईक पोराच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी बसलं होतं. मी वाघाच्या लेयरवर काही करायले गेलो अन् चुकून त्याच्या नावाबाजूच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक झालं. वाघ गायब! समोर नुसतं गवत, अन् मधातली पाती जराशी वाकलेली, जिथं वाघ होता तिथं.

तू जोऱ्यानं ओरडली, "हेच! हेच गजू! आता हात लावू नको!"

ते गिऱ्हाईक दचकून उभं झालं.

मी म्हटलं, "अवो ताई, वाघ गेला न त्यातून."

"मिटला?"

"मिटला नाई. झाकला आहे फक्त. फाइलमंधी आहे तो. हे पाह्य, क्लिक केलं की येते. पुन्हा केलं की दिसत नाई."

"म्हणजे आहे, पण दिसत नाई?"

"हाव."

तू माह्या हातातून माउसच घेतला. क्लिक. "आहे." क्लिक. "नाई." क्लिक. "आहे!" अशी तू किती वेळ करत बसली होती, अन् दर वेळी तेवढीच खूश. मग गिऱ्हाइकाकडं वळून म्हणाली, "पाह्यलं काय भाऊ? तो होताच. गवत पाहूनच समजते." त्या बिचाऱ्याले काय समजलं देव जाणे, पण तो म्हणाला, "हाव मावशी, होता होता." तेवढ्यानं तू त्याले मूठभर शेंगा देल्ल्या.

वर्ध्याच्या टॅटूवाल्या मयूरीले आपण ते दाखवलं. टॅटूच्या दुकानात तू पहिल्यांदा शिरली अन् भिंतीवरचे सापळे, गुलाब अन् सिंहाचे चित्रं पाहत पाहत अशी फिरली की जशी लुगडे पाहून राह्यली. मयूरी म्हणाली, "मावशी, डिझाइन एकदम वेगळं आहे, पण एवढी बारीक पाती चालणार नाहीत. शाई कातडीत जराशी पसरते. काही वर्षांनी गवताचं झुडूप होईल." मले वाटलं आता तू नाराज होशील. तू म्हणाली, "मग निंदण करू न बाई, त्यात काय!" अन् दुकानात येऊन तू निंदायले बसली. स्क्रीनले बोट लावून सांगे, हे पातं ठेव, हे काढ, हे जरा वाकव, त्यानं इथून मान फिरवली होती. शेंगा सोललेल्या बोटाचे ठसे उमटले स्क्रीनवर. ते मी अजून पुसले नाई. पुढाऱ्याइचे बॅनरं त्या ठशातूनच करून राह्यलो.

एका कानावरून मात्र आपलं जमलं नाई. मी म्हणत होतो, कानाचं टोक तरी राहू दे, नाई तं लोक म्हणतीन हातावर तण माजलं. तू म्हणे, "लोकाइले कायले समजायले पाहिजे? ज्याले मानायचं तो मानन." मी म्हटलं, "भाऊजीनं विचारलं तं?" तू चष्मा पुसला. मग म्हणाली, "त्याइले दिसलंच नाई न. मग त्याइले गवतच दिसू दे." मी भांडलो, ताई. म्हटलं, डिझायनर मी आहे, मले समजते कोणतं चित्र कसं वाचल्या जाते. तू म्हणाली, "अन् वाघ मी पाहिला आहे." कानाचं नंतर पाहू म्हणून तू थैली उचलली. मयूरीनं रविवार दिला होता. तो रविवार यायच्या आधीच तू गेली.

फोन आला तवा मी फाइलमंधी तो कानच ठीक करून राह्यलो होतो. बाकीचं काही लिहीत नाई. तेवढ्यापुरतं तू समजून घेजो.

मग भाऊजीचा निरोप आला, बॅनर लावावं लागते, गाव वाट पाहून राह्यलं. ताई, एवढे श्रद्धांजलीचे बॅनरं केले म्या, दिवा ठेवला, कमळं ठेवले, ढग ठेवले, डोळे मिटून होते ते काम. तुह्या फोटोमागं कमळ लावलं अन् मले माहाच राग आला. तू आयुष्यात कधी कमळापाशी उभी नाई झाली. मी कमळ काढलं, ढग काढले, अन् तुह्या मागं तुहं गवत आणून लावलं. पुरं, मोठ्ठं, सहा बाय चार फुटाचं. पाह्य, शेवटी माही चुकीची साइज कामी आली. वाघाचा लेयर मी झाकलेलाच ठेवला, पण फाइलमंधी ठेवला. तुह्या पाठीमागं तो उभा होता, मले माहीत होतं.

आता बातमी ऐक.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी अन् भाऊजी ते बॅनर उतरवायले हिंगणीच्या बस स्टँडवर गेलो. एका बाजूची दोरी मी सोडली. दुसऱ्या बाजूची भाऊजीच्या हातात होती, पण ते काही सोडून नाई राह्यले. बॅनरकडं पाहत उभे. मी म्हटलं, "भाऊजी, सोडा न."

ते म्हणाले, "हे आपल्या धुऱ्यावरचं गवत आहे."

"हाव. ताईनं काढून घेतलं होतं."

"वाघ कुठी आहे यात?"

ऐकलं काय? वाघ म्हणाले! त्याइच्या तोंडून वाघ! मी दोरी सोडूनच देल्ली, बॅनरचा एक कोपरा धुळीत पडला. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तं डुक्कर म्हणत होते."

तं माहीत आहे, काय म्हणाले? म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुऱ्यावर गेलतो. नाल्याच्या वल्या मातीत पंजे होते, गजानन. हे एवढाले. म्या पायानं पुसले."

"काऊन?"

"कापूस फुटून राह्यला होता. वाघ म्हटलं असतं तं वेचायले एक बाई आली नसती वावरात. म्हटलं, वेचणी होऊ दे, मग सांगू तिले. अन् मग..." त्याइनं दोरी हाताले गुंडाळली. "मग सांगायची लाज वाटे. पुरं गाव हसून राह्यलं होतं न तिले. माह्याच मुळं."

आता समजलं काय तुले, तो डबा कोणासाठी वाजत होता? सकाळपासून दुपारपर्यंत, पुरी वेचणी, तो माणूस धुऱ्यावर वाघासाठी बसला होता! तू मधात अन् वाघ पलीकडं अन् भाऊजी डबा घेऊन! अन् तू इकडं मले फोन करून त्याइले शिव्या घालून राह्यली! मले हसू आलं, ताई, अन् रडूही आलं, अन् मी भर बस स्टँडवर दोन्ही एकाच वेळी केलं. मग मले सणकून रागही आला. मी बोललो त्याइले. म्हटलं, "भाऊजी, चुकलं तुमचं. एक शब्द बोलायचा होता. चार भिंतीत, दिवा मालवल्यावर, कानात सांगितलं असतं तरी तिले पुरलं असतं." ते म्हणाले, "हाव. चुकलं." बॅनर त्याइनं स्वतः गुंडाळलं, धूळ झटकून, अन् घरी नेलं.

अन् काल ते माह्या दुकानात आले. न सांगता. खुर्चीवर बसले अन् डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारली.

"ते गवत माह्या हातावर काढ."

मी म्हटलं, "भाऊजी, दुखते."

"दुखू दे."

मी फाइल उघडली. त्याइच्या हाताचा फोटो काढला, टेप धरला, तुहा हात काढून त्याइचा खाली ठेवला. गवत जरा ताणावं लागलं, त्याइचा हात रुंद आहे. मी डोळ्याचं चिन्ह दाबून त्याइले वाघ दाखवला, अन् पुन्हा झाकला. मग मी आपलं भांडण त्याइच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "कान ठेवायचा की नाई, सांगा. ताई नाई म्हणे, मी हाव म्हणो."

भाऊजी म्हणाले, "कान म्या पाहिला नाई. तो तिचा आहे. तू पंजा काढ. इथं, मनगटाजवळ. जो म्या पुसला, तो."

ताई, आपण दोघं कानावरून भांडलो अन् जिंकलं तिसरंच माणूस! मी पंजा काढायले बसलो. भाऊजी बाजूले वाकून सांगत होते, गादी मोठी, वरती चार बोटं, नखं नाई उमटली होती, बाहेरचं बोट जरा बाजूले. मी इंटरनेटवरचा पंजा आणला तं म्हणाले, "हा नाई. हा दुसऱ्याचा आहे." तुहंच पाणी लागलं त्याइले! शेवटी मी हातानं काढला. एकदा मिटवला, दोनदा मिटवला, अन् मग ते म्हणाले, "हा." एवढंच. पण तो 'हा' त्याइनं असा म्हटला की मी प्रिंट दाबली.

आज सकाळी मयूरीच्या दुकानात ते काम झालं. तिनं कागदावरचं गवत त्याइच्या हातावर उमटवलं अन् मशीन सुरू केलं. पहिल्या पात्यालेच मले घेरी आली. हाव, मले! सुई त्याइच्या हातावर अन् पाणी मले पाजून राह्यले! भाऊजी मात्र तुह्यासारखेच, हूं की चूं नाई. गवत झालं, मग पंजा. पंज्याच्या वेळी त्याइचे डोळे भरले. मयूरीनं मशीन थांबवून विचारलं, "काका, जास्त दुखतंय का?"

ते म्हणाले, "नाई बाई. तू कर. गोंदण सोबत जाते म्हणतेत. मले कोणाले तरी दाखवायचं आहे."

मयूरी माह्याकडं पाहून राह्यली. मी खिडकीकडं.

येताना आम्ही चहा घेतला. हातावर पन्नी गुंडाळलेली, तरी ते बाही वर करून करून पाहत होते. चहावाल्यानं विचारलं, "काय काढलं काका?" तं भाऊजी सगळ्या ठेल्याले ऐकू जाईन असं म्हणाले, "वाघ. आमच्या धुऱ्यावरचा. आमच्या घरच्याइनं पाहिला होता." चहावाला म्हणाला, "पण वाघ कुठी आहे? मले तं गवतच दिसते." भाऊजी हसले, ताई. तू गेल्यावर पहिल्यांदा. म्हणाले, "तो आहेच. गवत पाहूनच समजते."

तुहेच शब्द! मी त्याइले कधी सांगितले नव्हते.

तं ही बातमी. आता मले बरं वाटून राह्यलं. कान मात्र मी मिटवला नाई, झाकून ठेवला आहे. फाइलमंधी तुहा वाघ आहे, त्याचा कान आहे, अन् तुह्या हाताचा फोटोही आहे. यातलं काहीच मी मिटवणार नाई.

एकच सांगतो. भाऊजीले यायची घाई करू नको. लय सावकाश येऊ देजो, वावरात काम आहे त्याइचं. पण येतीन तवा पहिले त्याइचा डावा हात पाह्यजो. ते दाखवतीनच. तू लगेच हरखून जाऊ नको. जरा तोंड गंभीर ठेवजो, नीट निरखून पाह्यजो, अन् मग विचारजो, "काऊन जी, डुक्कर होतं काय?"